मक्यातलं तणनाशक, गंगावेशीतलं दूध आणि आमच्या छकुलीची कॅप्सूल

बांधावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ऊस, मका आणि म्हशी सोडून मी इथं कधी काही लिहिलेलं नाही. पण परवा पाहुण्यांच्यात लग्नाला गेलो होतो, तिथं जेवणाच्या पंगतीत चार जणांनी एकच प्रश्न विचारला, "औषध मिळालं न्हवं आता? मग पोरीला दूध का देत न्हाई?" चौघांनाही सांगून दमलो. एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या लग्नात मोबाइल पुढं करता येईल.

माझी मुलगी अडीच वर्षांची. तिला टायरोसिनेमिया टाइप १ हा जन्मजात आजार आहे. नाव आम्हीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कागदावर लिहून घेतलं होतं. पाचव्या महिन्यात पोट फुगायला लागलं, हातपाय काड्या. मनगटाची हाडं जाड झाली म्हणून मुडदूस सांगितला, ड जीवनसत्त्वाचे डोस झाले. मग डोळे पिवळे. तेव्हा मी स्वतः काविळीची माळ बांधून आणली, लपवण्यात अर्थ नाही. तीन आठवडे ती माळ लांब होत गेली आणि पोरगी बारीक होत गेली. एका तरुण डॉक्टरणीनं लघवीची एक वेगळी तपासणी बाहेरगावी पाठवली, त्यातून कळलं. तोवर ती सात महिन्यांची झाली होती.

माझी बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्याकडं हे चालतंच. दोघांच्यातही त्याच बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत होती, आम्हाला दोघांनाही काही त्रास नाही. पोरीला दोन्हीकडून बिघडलेली आली. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला ही शक्यता चारात एक. पहिलं आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशोब नसतो.

आता मूळ प्रश्न. शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. आपण खाल्लेल्या प्रथिनातून टायरोसिन नावाचा घटक सुटतो. शरीर तो पाच पायऱ्यांनी मोडतं, पाच बांध ओलांडून पाणी शेवटच्या वावरात जावं तसं. आमच्या पोरीचा पाचवा बांध फुटका, म्हणजे ते काम करणारं एन्झाइमच नाही. पाणी आडवाटेला शिरतं आणि तिथं विष तयार होतं. त्यानं यकृत आणि मूत्रपिंड जातं, पुढं यकृताच्या कर्करोगाची भीती. निटिसिनोन ही कॅप्सूल दुसऱ्याच बांधावरचं दार लावते. पाणी पाचव्यापर्यंत पोचतच नाही, विष होत नाही.

पण दार लावलं की वरच्या पाटात पाणी चढणारच की! रक्तात टायरोसिन साठतं. राधानगरी धरणाचे दरवाजे पाणी चढलं की आपोआप उघडतात, तशी सोय इथं नाही. म्हणून वरून पाणीच कमी सोडायचं, म्हणजे प्रथिन मोजून. कॅप्सूल आहे म्हणून दूध नाही, असं उलटं गणित आहे हे. पाहुण्यांना एवढंच सांगायचं होतं.

जुना पैलवान

वाचून गलबलून आलं भावा. आमची हयात तालमीत गेली. पोराला दूध नको म्हणणारा डॉक्टर भेटला असता तर आम्ही डॉक्टरच बदलला असता. एक शंका, म्हशीचं जड जात असेल, गाईचं चालंल का?

बांधावरचा

नाही दादा. म्हशीच्या १०० मिलीत साधारण ४ ग्रॅम प्रथिन, गाईच्यात ३ च्या वर. दोन्ही बाद. बकरीचंही विचारू नका, ते मामांनी विचारून झालंय.

हुपरीकर

थांबा थांबा. माझं कृषी सेवा केंद्र आहे. निटिसिनोन हे नाव वाचून काहीतरी आठवलं म्हणून गोदामातले डबे बघून आलो. मक्यात मारतो ते टेम्बोट्रिओन, मेसोट्रिओन याच कुळातलं आहे काय हे? फवारल्यावर तण हिरव्याचं पांढरंफट्ट पडतं ते?

टॉनिकवाले डॉक्टर

बरोबर ओळखलंत, त्याच कुळातलं! मी बालरोगतज्ज्ञ आहे (या मुलीचा नव्हे), आणि ही गोष्ट सांगायची संधी मी सोडत नाही.

१९७७ साली कॅलिफोर्नियात एका रसायन कंपनीतल्या संशोधकाच्या लक्षात आलं की बॉटलब्रशच्या झाडाखाली तण फारसं उगवत नाही. बॉटलब्रश म्हणजे तेच, बाटली घासायच्या ब्रशासारखी लाल फुलं लोंबतात ते. आपल्याकडं बंगल्यांच्या फाटकाशी लावतात. त्या झाडातलं द्रव्य शोधलं, त्यावरून नवी तणनाशकं बनवायला घेतली. त्यातलंच एक निटिसिनोन. तणामध्ये हे एक एन्झाइम बंद पाडतं, मग पानात हिरव्या रंगाला उन्हापासून राखणारी रंगद्रव्यं तयार होत नाहीत आणि पान पांढरं पडतं. तेच एन्झाइम माणसाच्या यकृतातही आहे. धागाकर्त्यांचा 'दुसरा बांध' तो हाच.

हे कळलं कसं, तर चाचणीत उंदरांच्या डोळ्यांना इजा झाली. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला व्रण. कारण शोधताना रक्तात टायरोसिन प्रचंड वाढलेलं सापडलं. तिकडं स्वीडनमध्ये गोथेनबर्गला स्वेन लिंडस्टेट आणि सहकारी टायरोसिनेमियाच्या मुलांवर उपचार शोधत होते. त्यांनी १९९१ मध्ये पहिल्या बाळाला हे दिलं, १९९२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापले. अमेरिकेत मान्यता २००२ ला, युरोपात २००५ ला.

त्याआधी काय होतं? दोन महिन्यांच्या आत लक्षणं दिसलेल्या बाळांपैकी दोन वर्षांनी जेमतेम तिसरा हिस्सा जगत असे. उपाय एकच, यकृत बदलणे. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात एका भागात हा आजार खूप आहे, म्हणून तिथं प्रत्येक बाळाची जन्मतःच तपासणी होते. तिथल्या अभ्यासात जन्मल्यापासून ३० दिवसांच्या आत औषध सुरू झालेल्या एकाही मुलाला यकृत बदलावं लागलं नाही. आपल्याकडं मूल सातव्या महिन्यात सापडतं, तेही नशीब असेल तर.

पंचगंगेकाठी

म्हणजे सरळ सरळ तणनाशक पोटात घालायचं लहान लेकराच्या? आणि वर त्याचं कौतुक? आमच्या आजोबांच्या वेळी असले आजार होते का? शुद्ध देशी उपाय सोडून हे सगळं कंपन्यांचं राजकारण आहे. भुईआवळ्याचा रस द्या, यकृत धुऊन निघेल.

मिरजेची माई

आजोबांच्या वेळीही होते हो. बाळं 'कावीळ होऊन गेली' म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळे शेतावर.

हुपरीकर

आणि वडिलांना हृदयाची झडप बदलल्यावर वॉरफरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारी गोळी, चालू आहे. ते आधी उंदीर मारायचं औषध म्हणूनच बाजारात आलं होतं. अकरा वर्षं झाली, वडील रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारतात. मात्रा किती आणि कुणाच्या देखरेखीत, हा प्रश्न आहे. दुकानातला डबा आणि ही कॅप्सूल एक नव्हे, एवढं मात्र कुणी वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवा.

बांधावरचा

पंचगंगेकाठी साहेब, भुईआवळा आमच्या बांधावर उगवतो, उपटायला पैसे पडत नाहीत. तो दिला होता. माळही बांधली होती. त्या तीन आठवड्यांचं मी अजून कुणाला उत्तर देऊ शकलेलो नाही, तुम्हाला काय देणार. कॅप्सूल सुरू झाल्यावर आठव्या दिवशी रक्त गोठण्याचा रिपोर्ट सुधारला. पुढचं बोलणं नको.

सूतगिरणी

दादा, मी इचलकरंजीची. नणंदेचं बाळ चार महिन्यांचं आहे, पोट मोठं आहे आणि अंगाला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. टायरोसिनची तपासणी करायला सांगू का?

टॉनिकवाले डॉक्टर

ताई, आजच बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या, उद्यावर टाकू नका. तो वास या आजारात येऊ शकतो, पण वासावरून निदान होत नाही, आणि मी इथून करणारही नाही. नुसतं टायरोसिन पाहून भागत नाही, ते यकृताच्या दुसऱ्या आजारांतही वाढतं. लघवीत किंवा टाचेतून कागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबात सक्सिनिलअॅसिटोन (वर सांगितलेल्या आडवाटेला तयार होणारं द्रव्य) बघावं लागतं. ते सापडलं तर टायरोसिनेमिया टाइप १. डॉक्टरांना हा शब्द लिहून दाखवा, वाईट वाटून घेणार नाहीत. सोबत रक्त गोठण्याची तपासणी.

सूतगिरणी

निघालोच. आल्यावर लिहितो.

मिरजेची माई

धाग्याला थोडा फाटा फोडते. माझ्या थोरल्या भावाची लघवी लहानपणापासून ठेवली की काळी पडायची. आई लंगोट धुऊन दमायची, डाग जात नसत. पन्नाशीला गुडघे आणि पाठ गेली, कानाची पाळी निळसर काळी. आता कळलं की तो अल्काप्टोन्युरिया. त्यातही हेच औषध चालतं असं कुणीतरी म्हणालं होतं, खरं का?

टॉनिकवाले डॉक्टर

खरं आहे माई. पाच बांधांतला तिसरा फुटका असला की तुमच्या भावाचा आजार. जन्मजात चयापचयाच्या आजारांची कल्पनाच आर्चिबाल्ड गॅरॉड यांना १९०२ मध्ये याच काळ्या लघवीवरून सुचली. दार दुसऱ्या बांधावरच लागत असल्यामुळे औषध तेच. युरोपात २०२० मध्ये प्रौढ रुग्णांसाठी दिवसाला १० मिलीग्रॅमला मान्यता मिळाली. झिजलेला गुडघा मात्र परत येत नाही.

जुना पैलवान

पैशाचं कुणी बोलंना. ही कॅप्सूल केवढ्याला?

बांधावरचा

तेच लिहायला बसलो होतो. परदेशी कॅप्सूल असताना वर्षाचा खर्च २ कोटी २० लाखांपर्यंत जायचा. आमच्या भावकीतली सगळी जमीन विकली तरी किती वर्षं पुरली असती, हा हिशोब मी एका रात्री वहीत खरंच केला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं जाहीर केलं की हे औषध भारतातच तयार होतंय आणि वर्षाचा खर्च अडीच लाखांवर येईल. पोरीचं निदान त्याच्या एक महिना आधीचं. बायको म्हणते अंबाबाई पावली. मी म्हणतो अंबाबाईही पावली आणि हैदराबादचे रसायनवालेही पावले.

मात्रा वजनावर असते. सुरुवात किलोला दिवसाला १ मिलीग्रॅम. पोर वाढेल तसा खर्चही वाढणार. कॅप्सूल उघडून भुकटी चमचाभर पाण्यात कालवून द्यायची. रोज, न चुकता, जन्मभर.

शाहूपुरीची सून

मदत कशी मिळते तेही लिहा, खूप जणांना माहीत नसतं. मी सरकारी कार्यालयात आहे म्हणून थोडं सांगते. दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ चं. त्यात ठरवून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रात, म्हणजे सरकारनं नेमलेल्या मोठ्या रुग्णालयात, नोंद झाली तर एका रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदत आहे. पैसे आपल्या खात्यावर येत नाहीत, केंद्राकडे जातात. मुंबईत केईएम हे असं केंद्र आहे. आणि यादीतल्या आजारांसाठी स्वतःच्या रुग्णाकरता औषध किंवा खास आहार परदेशातून मागवला तर १ एप्रिल २०२३ पासून मूळ सीमाशुल्क माफ आहे, त्याला जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला चालतो.

कागद आधी तपासा. जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड, सगळीकडं नाव सारखं पाहिजे.

बांधावरचा

शेवटची ओळ दहा वेळा वाचा लोकहो. जन्मदाखल्यावर बायकोच्या नावात एक काना जास्त पडला होता. त्या कान्यानं आमचे तीन आठवडे खाल्ले.

कारभारीण

धागाकर्त्याची बायको लिहितेय. ह्यांनी पाटाचं, बांधाचं सगळं छान सांगितलं. चूल मात्र कुठंच दिसली नाही, म्हणून खाते उघडलं.

आमच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत. दोन्ही वेळचं दूध डेअरीला जातं. पोरगी धारेच्या आवाजानं उठते आणि भांडं घेऊन पळत येते. तिला मी भाताची पातळ पेज देते त्याच भांड्यात. पेजही मोजून, कारण १०० ग्रॅम तांदळात ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं. डाळ, शेंगदाणे, अंडी, मटण, दही, पनीर काहीच नाही. शाबूत प्रथिन जवळजवळ नसतं, म्हणून शाबूची खिचडी बिनकुटाची. शाबू, रताळं, भोपळा, गूळ, काकवी, तूप यावर माझं घर चालतं. तूप चालतं, दूध नाही, हे सासूबाईंना समजवायला दोन महिने लागले. तांबडा-पांढरा दोन्ही बंद. मिसळीतलं मटकीचं नाव नको, कटाचं बोट आणि बटाट्याची फोड, एवढी तिची मिसळ. चपाती भाकरीचा तुकडा हिशोबात धरून. वाढीला प्रथिन लागतंच, ते एका खास भुकटीतून मिळतं. तिच्यात टायरोसिन आणि फेनिलअॅलनिन (प्रथिनातलाच घटक, शरीर त्याचं टायरोसिन करतं) काढून टाकलेलं असतं. वास असा की मी स्वतः एक घोट घेऊन बघितला आणि रडले. ती मात्र पिते, तिला तीच सवय. अगदीच कमी प्रथिनही चालत नाही, फेनिलअॅलनिन फार खाली गेलं तरी वाढ खुंटते, म्हणून दोन्हीकडून दोरीवर चालणं आहे. आणि हो, साखरेऐवजी अॅस्पार्टेम घातलेल्या गोष्टी वर्ज्य, त्यातून फेनिलअॅलनिन जातं. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायची सवय लागली.

आता जे ह्यांनी मुद्दाम लिहिलं नाही ते. गेल्या उन्हाळ्यात पोरीचे डोळे लाल झाले, पाणी वाहायचं, उजेडात डोळे उघडेना. डोळे आले म्हणून एका ठिकाणी आठवडाभर थेंब घातले. रिपोर्ट केला तर टायरोसिन ११०० च्या वर. आमचे डॉक्टर ६०० च्या खाली ठेवा म्हणतात. मी वही काढली, एकेक घास तपासला, माझीच चूक शोधत बसले. चौथ्या दिवशी सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "मीच देत हुतो गं, निजताना अर्धा पेला. एवढंसं लेकरू दुधाविना कसं झोपंल."

पंधरा दिवस देत होत्या. टायरोसिनचे खडे बुबुळावर बसले होते. वर डॉक्टरांनी उंदरांचं लिहिलंय ना, ते वाचून मी रात्री झोपले नाही. दूध बंद झाल्यावर डोळे निवळले.

मी त्यांना काही बोलले नाही. बोलणार होते. त्या चुलीपाशी बसून राहिल्या होत्या, जेवल्या नाहीत.

जुना पैलवान

(मी वर गाईच्या दुधाचं विचारलं होतं, ते मागं घेतो ताई.)

पंचगंगेकाठी

माझे शब्द चुकले. हेतू वाईट नव्हता.

शाहूपुरीची सून

आता सासूबाईंचं कसं?

कारभारीण

आता घरात त्याच सगळ्यात कडक आहेत. आकडे वाचता येत नाहीत, म्हणून मी एका स्टीलच्या वाटीला आतून नेलपॉलिशची रेघ मारून दिलीय. त्या रेघेच्या वर भात गेला की परत पातेल्यात. हळदीकुंकवाला गेलं की पोरीच्या हातात कुणी पेढा ठेवायच्या आत त्या पदराआड घेतात. परवा कोल्हापुरात गंगावेशीत गेलो होतो, कट्ट्यावर म्हैस पिळून पेले भरत होते. पोरगी थांबली, बघत राहिली. सासूबाईंनी तिला कडेवर उचललं आणि पलीकडच्या गाड्यावर उसाचा रस घेऊन दिला. दूध प्यायला थांबलेल्या एका गृहस्थांनी विचारलंच, "आजी, नातीला दूध नको व्हय?" तर म्हणाल्या, "तिला झेपत न्हाई. तुमीच प्या."

मिरजेची माई

काय बोलू. आजींना नमस्कार सांगा.

टॉनिकवाले डॉक्टर

कारभारीणबाईंचा प्रतिसाद आमच्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवायची परवानगी हवी आहे. नावगाव काही सांगणार नाही.

एक भर. कॅप्सूल नीट चालली तरी यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. उशिरा सुरू झालेल्या मुलांत जास्तच. एएफपी ही यकृताच्या कर्करोगाची चाहूल देणारी रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी ठरलेल्या मुदतीला. एएफपी उतरत जाऊन पुन्हा चढायला लागलं तर वाट बघायची नाही. आणि दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधी दोघांच्या जनुकातला नेमका दोष शोधून ठेवा. मग अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन कळू शकतं.

कारभारीण

दाखवा खुशाल. दुसऱ्याचं अजून ठरत नाही आमचं. दोष शोधून ठेवलाय, रिपोर्ट कपाटात आहे.

सूतगिरणी

डॉक्टरांना भेटून आलो. बाळाला दाखल करून घेतलंय, रक्त गोठायला वेळ लागतोय म्हणाले. तो शब्द लिहून दिला, त्यांनी लघवीचा नमुना आजच पाठवला. रिपोर्टला आठवडा लागंल. नणंद खूप घाबरलीय. कारभारीण ताई, तुमच्याशी बोलायचं होतं.

कारभारीण

नंबर खाजगी निरोपात टाकलाय. रात्री नऊनंतर कधीही करा, तेव्हा पोरगी झोपलेली असते. काहीही निघालं तरी करा.

बांधावरचा

गुरुवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला निघतोय, तीन महिन्यांची तपासणी आहे. वेटिंग १४ आहे. ताई, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर जन्मदाखल्यावरचं आईचं नाव आजच बघून घ्या.

हुपरीकर

दादा, तिकीट कन्फर्म नाही झालं तर माझी गाडी आहे. पहाटे दोनला निघू.